शाळेची पुस्तक महोत्सवाची फेरी घरापर्यंत पोचवा

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो. शाळा मुलांना नेते, पण पैसे घरी असतात, त्यामुळे मुलं नुसती बघून परततात. उपाय चिठ्ठीचा.

१. पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि पेन्सिल प्रत्येकाला द्या. (पेन गर्दीत हरवतात, गळतात.)
२. मुलाने आवडलेली तीनच पुस्तकं लिहायची: नाव, प्रकाशक, स्टॉल क्रमांक, किंमत. स्टॉल क्रमांक हवाच, नाहीतर पालक गल्ल्यांत फिरत बसतात.
३. चिठ्ठीवर महोत्सवाची शेवटची तारीख आणि वेळ आधीच छापा. त्याच दिवशी घरी पाठवा.

शाळेची फेरी पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळीच काढा. म्हणजे पालकांना शनिवार-रविवार उरतो. शेवटच्या दिवशी नेलं तर चिठ्ठी वाया. मुलांकडे रोख पैसे मात्र देऊ नका.