सैल साखळी आणि पंचवटीतला मुक्काम

कोल्हापूरहून कच्छला निघालो असताना सिन्नर सोडल्यावर मोटारसायकलची साखळी खडखडू लागली आणि गिअर बदलताना झटके बसू लागले. पावसाने साखळीवरचे तेल धुऊन गेले होते आणि ती सैलही पडली होती. नाशिकला पंचवटीत मी मुद्दाम अशी धर्मशाळा निवडली, जिच्या फाटकाच्या आत गाडी उभी करता येत होती; खोली साधी चालते, पण दुरुस्तीला फरसबंद अंगण हवेच, असे माझे ठाम मत आहे.

सकाळी इंजिन बंद ठेवून साखळी रॉकेलने व ब्रशने स्वच्छ केली. चाक फिरवून ती सर्वांत घट्ट कुठे होते ते पाहिले, कारण सैल जागी मापून ताणलेली साखळी घट्ट जागी बेअरिंगवर ताण आणते. मग मागच्या आसाचे नट ढिले करून, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवत, माहितीपुस्तिकेतील मापाप्रमाणे साधारण २५ मिलिमीटर ढील ठेवली, नट पक्के आवळले आणि ९० क्रमांकाचे गिअर ऑइल लावले. पुढे दर ५०० किलोमीटरला, पावसात भिजल्यास त्याच संध्याकाळी, तेल लावत गेलो. सापुताऱ्याच्या घाटात आवाज आला नाही.