‘समजलं ना?’ विचारू नका: ओपीडीत बाळाच्या आईवडिलांशी बोलताना

‘समजलं ना?’ या प्रश्नाला ओपीडीत एकच उत्तर मिळतं: ‘हो.’ न समजलेली आईही हो म्हणते. बाहेर रांग असते, कडेवर रडणारं बाळ असतं, आणि डॉक्टरांसमोर अडाणी ठरायला कुणालाच आवडत नाही. मग घोळ घरी होतो, आणि बहुतेकदा दोनच ठिकाणी: औषध किती द्यायचं आणि परत कधी यायचं. तापाचं बाळ घेऊन आलेल्या घराचंच उदाहरण घेऊ.

आल्या आल्या पहिला प्रश्न ‘काय होतंय?’ हा असतोच. त्याला जोडून दुसरा विचारा: ‘तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटतेय?’ उत्तर पुष्कळदा अनपेक्षित येतं. ताप 101 असतो, पण शेजारच्या मुलाला डेंग्यू झालेला असतो, किंवा मोठ्या भावाला लहानपणी तापात झटका आलेला असतो. ती भीती तशीच राहिली तर तुमचं पुढचं बोलणं कानावरून जातं.

तपासताना गप्प राहू नका. ‘कान चांगले आहेत. घसा थोडा लाल आहे. छाती साफ आहे, श्वासाचा वेग ठीक आहे,’ असं हात चालू असतानाच बोलत जा. वेगळा वेळ लागत नाही. शेवटी ‘अँटिबायोटिकची गरज नाही’ म्हणाल तेव्हा त्यामागे काय पाहिलं ते त्यांना आधीच कळलेलं असतं. नुसतं ‘व्हायरल आहे’ म्हटलं की घरी ‘डॉक्टरांनी काही केलंच नाही’ एवढाच अर्थ पोचतो, आणि संध्याकाळी दुसरा दवाखाना गाठला जातो.

आता औषध. सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा. पॅरासिटामॉलच्या थेंबांमध्ये साधारणपणे 1 मिलीत 100 मिग्रॅ असतं. सिरपमध्ये 5 मिलीत 120, 125 किंवा 250. दहा किलोच्या बाळाला 15 मिग्रॅ प्रतिकिलो या हिशेबाने 150 मिग्रॅ लागतं. म्हणजे थेंबांचं दीड मिली, 125 च्या सिरपचं 6 मिली, 250 च्या सिरपचं 3 मिली. ‘एक चमचा द्या’ असं सांगितलेलं असताना घरात थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात 500 मिग्रॅ जातं, तिपटीहून जास्त. शिवाय घरातला चमचा 5 मिलीचा असेलच असं नाही. म्हणून:

– चमचा हा शब्दच टाळा. मिली लिहा, आकडे मोठे काढा, सूचना मराठीत लिहा.
– सुई नसलेली सिरिंज द्या आणि तिच्यावर पेनाने रेघ मारून दाखवा.
– ‘दिवसातून चारदा’ऐवजी ‘ताप असेल तरच; दोन वेळांमध्ये सहा तास; 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही’ असं सांगा.
– मेडिकलमधून औषध घेतल्यावर बाटली परत आणून दाखवायला सांगा. दुकानदार दुसऱ्या कंपनीचं देतो तेव्हा ताकदही बदललेली असू शकते.
– घरात सर्दीचं कोणतं सिरप आहे ते विचारा. त्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं.

यानंतर ‘समजलं ना?’च्या जागी म्हणा: ‘ताई, मी घाईत नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. रात्री ताप आला तर किती द्याल, सिरिंजमध्ये भरून दाखवा.’ परीक्षा तुमच्या सांगण्याची, आईची नव्हे; वाक्याची मांडणी तशीच हवी. चुकलं तर हसू नका, पुन्हा दाखवा, पुन्हा भरायला लावा. आणि औषध घरी कोण पाजतं ते विचारा. आई कामावर जात असेल तर सिरिंज आजीच्या हातात द्या. ‘आजी, तुम्ही दाखवा बरं.’ आजीला बाकावर बसवून ठेवून केलेलं समुपदेशन घराच्या उंबऱ्यापर्यंतही टिकत नाही.

‘काही वाटलं तर या’ हेही निरुपयोगी वाक्य. काय दिसलं तर यायचं ते सांगा: बाळ पीत नाही, प्यालेलं सगळं उलटतं, मलूल पडलंय, लवकर जागं होत नाही, झटका आला, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, सहा तास लघवी नाही. पावसाळ्यात आणखी एक आवर्जून सांगा. डेंग्यूत धोका ताप उतरताना वाढतो. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होतं आणि नेमकं तेव्हाच पोट दुखतं, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. ‘ताप उतरूनही बाळ सुस्त असेल तर त्याच दिवशी या,’ हे वाक्य कागदावरही लिहा.

तापातल्या झटक्याबद्दल बोलताना खोटा धीर देऊ नका. ‘पुन्हा होणार नाही’ म्हणाल आणि पुन्हा झाला तर विश्वास गेला. साधारण तीनपैकी एका मुलाला तो पुन्हा येतो. ‘ताप चढू दिलात म्हणून झटका आला’ हे तर बोलूच नका. तापाचं औषध वेळेवर दिल्याने झटका टळतो असं दिसलेलं नाही. त्या वाक्याने आई स्वतःला दोष देते आणि पुढच्या तापात औषध जास्त पाजते. त्यापेक्षा कृती सांगा: कुशीवर झोपवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबला नाही तर तडक दवाखाना.

आणि ‘इतके दिवस कुठे होतात?’ हा प्रश्न गिळून टाका. रागावलेल्या डॉक्टरला लोक खरं सांगत नाहीत. गुटी, मेडिकलमधून आणलेली गोळी, आधीच्या डॉक्टरांचं इंजेक्शन, पोटावर दिलेला चटका, सगळं लपतं. विचारायचं असेल तर वाट मोकळी करून विचारा: ‘घरोघरी काही ना काही दिलं जातंच. तुमच्याकडे काय काय दिलं? बाटली किंवा पुडी असेल तर दाखवा, म्हणजे माझं औषध तिच्यावर भारी पडायला नको.’