सीरम निवडताना आणि लावताना

सीरम, म्हणजे त्वचेच्या एखाद्या तक्रारीसाठी चेहऱ्याला लावायचं पातळ द्रव, विकत घेण्याआधी आरशासमोर उभं राहा आणि आपल्या चेहऱ्याची नेमकी तक्रार काय आहे ते ठरवा. डाग, मुरुम, कोरडेपणा, बारीक सुरकुत्या यांपैकी सगळ्यात जास्त खटकणारी एकच निवडा. मी सुरुवातीला एकाच आठवड्यात तीन सीरम सुरू केली होती. गाल लाल झाले, साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचे, आणि हे कोणत्या बाटलीमुळे झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून अगदी कळकळीने सांगते, एका वेळी एकच नवीन सीरम.

बाटली उलटी करा, मागचं वाचा

त्वचा ओढल्यासारखी वाटत असेल तर हायल्युरॉनिक ॲसिड घ्या. तेलकटपणा आणि मुरुमांनंतर राहिलेले डाग असतील तर नायसिनामाइड. ते ५ टक्के असलं तरी बहुतेकांना पुरतं. १० टक्क्यांनी काहींची त्वचा चिडते. मुरुम आणि ब्लॅकहेड्ससाठी सॅलिसिलिक ॲसिड, ०.५ ते २ टक्के. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलाने बुजलेल्या रंध्रांत शिरू शकतं. सुरकुत्यांसाठी रेटिनॉल, मात्र गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते वापरू नका.

निस्तेजपणासाठी व्हिटॅमिन सी उत्तम, पण ते फार नाजूक. हवा आणि उजेड लागला की ते खराब होऊ लागतं. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचं (हे व्हिटॅमिन सीचंच शुद्ध रूप) ताजं सीरम बहुधा पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असतं. बाटली उघडलीत त्या दिवशी पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाकून त्याचा रंग लक्षात ठेवा. पुढे बाटलीतला नवा थेंब गडद नारिंगी किंवा तपकिरी दिसू लागला, तर कितीही महागाचं असो, टाकून द्या. या कारणासाठी मी नेहमी गडद काचेची, छोटी बाटली घेते आणि ती बाथरूममध्ये ठेवत नाही.

आधी चाचणी

कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं सीरम रोज लावून आठवडाभर बघा. लाली, खाज, पुरळ काही आलं नाही, तरच चेहऱ्याला लावा. ही पायरी गाळावीशी वाटते, मला कळतं. तरी गाळू नका.

लावायचं कसं

सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा आणि टॉवेलने टिपून घ्या, घासू नका. तळहातावर तीन-चार थेंब घ्या. ड्रॉपरचं टोक त्वचेला लावू नका, नाहीतर चेहऱ्यावरचे जंतू आणि तेल थेट बाटलीत जातं. मग बोटांनी गाल, कपाळ, हनुवटीवर हलकेच दाबत लावा. हायल्युरॉनिक ॲसिड किंचित ओलसर चेहऱ्यावर लावायचं. रेटिनॉल मात्र चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, फक्त रात्री, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनच वेळा. मिनिटभर थांबून वर मॉइश्चरायझर.

सकाळी शेवटी सनस्क्रीन, किमान एसपीएफ ३०. डागांसाठी सीरम लावायचं आणि उघड्या चेहऱ्याने उन्हात फिरायचं, हे मला फार वाईट वाटतं, कारण ऊन तेच डाग पुन्हा गडद करतं. मृत पेशींचा वरचा थर काढणाऱ्या ग्लायकॉलिक ॲसिडसारख्या घटकाने तर त्वचा उन्हाला आणखी हळवी होते.

व्हिटॅमिन सी आणि रेटिनॉल दोन्ही हवंच असेल, तर एकाची सवय झाल्यावरच दुसरं आणा. सी सकाळी, रेटिनॉल रात्री. ज्या रात्री रेटिनॉल, त्या रात्री सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक ॲसिड नको.

किती दिवस वाट बघायची

ओलावा देणाऱ्या सीरमचा फरक काही दिवसांत जाणवतो. डागांना दोन-तीन महिने द्या. त्वचेच्या नव्या पेशी वर यायलाच साधारण महिना लागतो. पहिल्या दिवशी खिडकीशी उभं राहून एक फोटो काढा आणि दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी दुसरा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

लावल्यावर क्षणभर चुणचुणणं चालतं. जळजळ थांबतच नसेल किंवा सूज आली तर चेहरा धुवा, सीरम बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना ती बाटलीही सोबत न्या, म्हणजे घटकांची यादी त्यांना समोरच वाचता येईल.