शनिवारी पळते, सोमवारी पैसे खाते: स्प्रिंट कारच्या या चुका टाळा

आयोवात राहायला आलो त्याच उन्हाळ्यात शेजाऱ्याने मला नॉक्सव्हिलला नेलं. मॅरियन काउंटीच्या जत्रेचं मैदान आणि त्यात अर्ध्या मैलाचा काळ्या मातीचा ट्रॅक. त्यावर पळतात त्या स्प्रिंट कार, म्हणजे डोक्यावर मोठा पंख असलेल्या छोट्या रेसकार. १९६१ साली इथे पहिली नॅशनल्स, म्हणजे स्प्रिंट कारची दरवर्षीची मोठी शर्यत, झाली आणि गावाने तेव्हापासून दुसरं काही मनावर घेतलेलं दिसत नाही. शेजारी ३०५ घनइंच इंजिनाच्या वर्गात गाडी पळवतो, मी पाना धरतो. आमची कमाई दोन पगारांची आणि गाडी सेकंडहँड. त्यामुळे खाली लिहिलेल्या बहुतेक चुका स्वखर्चाने शिकलेल्या आहेत.

पहिली चूक गाडी घ्यायच्या आधीच होते. ४१० घनइंचाचं, म्हणजे ६.७ लिटरचं जुनं इंजिन कुणीतरी 'स्वस्तात' देतो. चालकासकट साडेसहाशे किलोच्या आसपासची गाडी आणि ९०० हॉर्सपॉवर म्हटल्यावर माणूस पाघळतो. पण असं नवं इंजिन ५०,००० डॉलरच्या वर जातं, आणि जुनं स्वस्त असतं ते बहुधा उघडायची वेळ झालेली असते म्हणून. ते खोलायचं बिल आलं की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हात आखडता असेल तर ३०५ घ्या. पाच लिटरचं इंजिन, आणि रेससेव्हरसारख्या संघटनांच्या नियमांनी इंजिनावर नि टायरवर घातलेला लगाम. शेजारचा वाटेल तेवढा पैसेवाला असला तरी त्याला तुमच्याइतकंच खर्चता येतं, निदान कागदावर. आणि घराजवळचा एकच ट्रॅक धरा. दर आठवड्याला ट्रेलर ओढत परराज्यात जाण्यात नुसतं डिझेल जळतं, शिवाय कुठल्याच मातीचा स्वभाव कळत नाही.

आता मेथनॉल. सगळ्यात जास्त पैसे याने घालवले. या गाड्या पेट्रोलवर चालत नाहीत, मेथनॉल नावाच्या अल्कोहोलवर चालतात. मेथनॉल इंजिनाला थंड ठेवतं खरं, पण पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं, हवेतली ओल शोषतं आणि ॲल्युमिनियम खातं. शर्यत संपली की टाकी रिकामी करून पंप आणि नळ्यांमधून वंगण फिरवायचं असतं. रात्री बाराला हे कुणालाही नको असतं, म्हणून 'उद्या बघू' होतं. आमच्या मराठी मंडळाचा गणपती नेमका एका रविवारी आला, मी गॅरेजकडे फिरकलो नाही, शेजाऱ्याला वाटलं मी केलं असेल. पुढच्या शनिवारी इंधनाच्या पंपात पांढरी भुकटी आणि आठपैकी एक नॉझल अर्धं बुजलेलं. तेवढ्या एका सिलिंडरला इंधन कमी पडलं. स्पार्क प्लगच्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक चकाकते ठिपके दिसले, तेव्हा पिस्टन वितळायला लागला होता. ठिपके दिसल्यावर 'एवढी हीट (मुख्य शर्यतीआधीची छोटी शर्यत) काढू' म्हणू नका. गाडी तिथेच ट्रेलरवर चढवा.

तेलही बघा. न जळलेलं मेथनॉल पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरतं आणि तेल ताकासारखं पांढुरकं होतं. त्यात बेअरिंग टिकत नाहीत. तेल बदलायचे पैसे वाचवणारे लोक मग क्रँकशाफ्ट बदलतात.

एखादा सिलिंडर मेलाय असा संशय असेल तर इंजिन नुकतं चालू झालेलं असताना एक्झॉस्टच्या आठही नळ्यांवर पाण्याचे शिंतोडे मारा. ज्या नळीवर वाफ उठत नाही, तिथे रोग आहे. बाटलीभर पाण्यात होणारं निदान आहे.

गाडी सुरूच होत नाही, ही नवख्यांची नेहमीची रड. स्प्रिंट कारला स्टार्टर नसतो, क्लच नसतो. पुश ट्रक मागून ढकलतो. आधी तेलाचा दाब चढू द्यायचा, मग इंधन, मग मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राचं, बटण. घाईत बटण बंदच राहतं, आणि ट्रकवाला ढकलत राहतो, इंधन आत जात राहतं. सिलिंडरात द्रव साठला की तो दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोनदा ढकलून पेटली नाही तर थांबा, प्लग काढा, इंजिन हाताने फिरवून आतलं मेथनॉल बाहेर येऊ द्या. लाज वाटते, पण रॉडपेक्षा स्वस्त पडते.

इंधन-हवेच्या मिश्रणाचा अजून एक सापळा आहे. संध्याकाळी उकाड्यात हॉट लॅप्स, म्हणजे सरावाच्या फेऱ्या, होतात, हवा विरळ असते, म्हणून इंधन थोडं कमी केलं जातं. मुख्य शर्यत अंधार पडल्यावर. हवा गार आणि दाट झालेली असते, तिला जास्त इंधन हवं असतं. परतीच्या नळीतली 'पिल' म्हणजे भोकाची छोटी गुंडी. भोक मोठं तर इंधन टाकीकडे परत जास्त जातं. संध्याकाळची मोठी पिल रात्री तशीच राहिली की पिस्टन गेलाच.

वळणावर मागचा भाग निसटतो तेव्हा बजेटवाले लगेच नवा शॉक ॲब्सॉर्बर शोधायला लागतात. आधी मापपट्टी घ्या. उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं, त्यांच्या परिघातला फरक म्हणजे स्टॅगर. तो वाढला की गाडी मोकळी सुटते, कमी झाला की घट्ट बसते. आम्ही वापरलेले टायर घेतो. डावा एका जोडीतला, उजवा दुसऱ्या जोडीतला, आणि स्टॅगर आपल्या नकळत दीड-दोन इंचांनी सरकतो. शिवाय टायर गरम झाला, हवा भरली की वाढतो. शर्यतीच्या दाबाला हवा भरा, थोडं थांबा, मग मोजा, आणि खडूने टायरवरच लिहा. माप बरोबर असूनही मागचा भाग निसटत असेल तर वरचा पंख मागे सरकवा. याला काहीही खर्च येत नाही.

टॉर्शन बारच्या, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या, बाबतीत एकच सांगतो: काढताना डावा-उजवा खूण करून ठेवा. ज्या दिशेला पीळ बसलाय, त्याच बाजूला तो परत गेला पाहिजे. आणि चिखल ओला असतानाच खरवडा. प्रेशर वॉशर मात्र मॅग्नेटोवर आणि बेअरिंगवर मारू नका.

पट्ट्यांवर काटकसर करू नका. सीटबेल्टवरच्या एसएफआय या सुरक्षा-मानकाच्या लेबलची मुदत दोन वर्षांची असते. जुन्या गाडीबरोबर 'फुकट' आलेले बेल्ट बहुतेकदा संपलेलेच असतात. हेल्मेटही मोटरसायकलचं चालत नाही, स्नेल संस्थेच्या 'एसए' या कार-रेसिंगच्या मानकाचं लागतं.

पिटमध्ये पाण्याची बादली भरून ठेवा. मेथनॉलची ज्वाळा उजेडात दिसत नाही, धूरही नसतो, पण ते पाण्यात मिसळतं, म्हणून पाण्याने विझतं. इंधन भरताना कुणी एकाएकी हात झटकत उड्या मारायला लागला, तर आधी बादली ओता, काय झालं ते मग विचारा.