डोळे सॉफ्ट, कानापुढचे केस शार्प: माझे आठ महिने कुठे गेले

कॅमेरा घेऊन तुम्हाला चार-सहा महिने झाले असतील, अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ यांचं गणित बऱ्यापैकी बसलं असेल आणि तरीही पोर्ट्रेट दाखवलं की कोणीतरी "छान आहे, पण शार्प नाहीये" म्हणत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. मी तिथे खूप दिवस अडकले होते. आठ महिने मी भलतीच गोष्ट दुरुस्त करत बसले आणि ते आठवलं की अजून हळहळ वाटते, कारण त्या काळातले आजीचे ते क्षण परत टिपता येणार नाहीत.

झालं असं की सुरुवातीला मला मिळालेला पहिला फीडबॅक फोकसबद्दल नव्हताच, कंपोझिशनबद्दल होता. सगळे चेहरे फ्रेमच्या मधोमध. मग मी रूल ऑफ थर्ड्स शिकले (फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून महत्त्वाची गोष्ट त्या रेषांवर ठेवायची), कॅमेऱ्यात त्या रेषांची ग्रिड लावली, आणि सवय अशी लागली की मधल्या फोकस पॉइंटने डोळ्यावर फोकस घ्यायचा, बटण अर्धं दाबून धरायचं, कॅमेरा सरकवून डोळा वरच्या रेषेवर आणायचा आणि मग क्लिक. कंपोझिशनची तक्रार थांबली. पण त्याच आठवड्यापासून "शार्प नाही" सुरू झालं आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं मला वाटलंच नाही. मला वाटलं माझा हात हलतोय. शटर १/१०० वरून १/५०० वर नेलं, त्यासाठी आयएसओ वाढवला, नॉइज म्हणजे फोटोत दाणे आले, मग नॉइजबद्दल बोलणी खाल्ली. ट्रायपॉड वापरला. शेवटी लेन्सच खराब आहे असं ठरवून टाकलं, आणि एका अनुभवी माणसाने फोटो नीट न बघताच "हो, बदल लेन्स" असं सांगितलंही.

ज्या ताईमुळे सुटले, तिने फोटो १०० टक्के झूम केला, काहीच न बोलता इकडेतिकडे फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "अगं, हे कानापुढचे केस बघ. एकेक केस मोजता येतोय. लेन्स कसली खराब?" आजीचा चेहरा थोडा वळलेला होता, डोळे मऊ आले होते आणि त्यांच्या तीन-चार सेंटीमीटर मागचे केस कडक शार्प होते. फोकस लागला होता, फक्त चुकीच्या जागी.

आता हे जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तरी वाचा. फोकस म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभी धरलेली एक अदृश्य काच समजा. त्या काचेवर जे असेल ते शार्प, आणि पुढेमागे थोडीशी सूट. ही सूट किती? क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), ५० एमएम लेन्स, एफ १.८ म्हणजे बरंच उघडं अ‍ॅपर्चर आणि माणूस एक मीटरवर असेल तर पुढची-मागची मिळून जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर. म्हणजे डोळ्याच्या पुढे सव्वा-दीड आणि मागे सव्वा-दीड, बस. अ‍ॅपर्चर लहान करून एफ ४ केलं तर साधारण सहा सेंटीमीटर होते. माणूस दोन मीटरवर गेला तर एफ १.८ लाच अकरा सेंटीमीटरच्या आसपास मिळतात. आकडे पाठ करायची गरज नाही, पण जवळून आणि उघड्या अ‍ॅपर्चरला तुमच्याकडे एका बोटाच्या रुंदीपेक्षा थोडीच जास्त जागा असते, एवढं डोक्यात पक्कं बसू दे.

आणि बटण अर्धं दाबून धरलं की ती काच कॅमेऱ्यापासून ठराविक अंतरावर बांधली जाते. कॅमेरा हलला की काच हलली. बरेच जण सांगतात की कॅमेरा वळवल्याने काच तिरकी होते म्हणून फोकस जातो. ते खरं आहे, पण अर्धंच. ५० एमएमवर मधून थर्डच्या रेषेपर्यंत जायला चार-पाच अंश वळावं लागतं, त्याने एक मीटरवर फरक पडतो तीनेक मिलीमीटरचा. तेवढ्याने डोळा सॉफ्ट होत नाही. अगदी कोपऱ्यात नेलंत तर पंधरा अंशांपर्यंत जातं आणि तिथे हाच फरक साडेतीन सेंटीमीटरच्या जवळ पोचतो, तेव्हा मात्र मार बसतो. माझं खरं दुखणं वेगळं होतं. कॅमेरा सरकवताना मी श्वास रोखून थोडी पुढे झुकत होते! दोन-तीन सेंटीमीटर झुकायला काय लागतं, कळतही नाही. मी तीन सेंटीमीटर पुढे गेले की काच आजीच्या डोळ्यावरून तीन सेंटीमीटर मागे गेली, म्हणजे थेट केसांवर. त्यात समोरचं माणूस पण श्वास घेतं, बोलतं, हसताना मागे जातं. लॉक आणि क्लिक यांच्यात जितका वेळ जाईल तितका धोका जास्त, आणि माझा सगळा वेळ ग्रिड जुळवण्यात जात होता.

म्हणून "शार्प नाही" एवढं ऐकून कृपया काहीही बदलू नका. आधी स्वतः १०० टक्के झूम करून बघा की फ्रेममध्ये दुसरं काही शार्प आहे का. असेल, म्हणजे केस, कॉलर, मागचं गवत, तर फोकस चुकलाय. सगळीच फ्रेम एकाच दिशेने ओढल्यासारखी, दुहेरी दिसत असेल तर हात हललाय, तेव्हा शटर वाढवा (५० एमएम क्रॉपवर १/१०० च्या खाली हाताने जाऊ नका, निदान सुरुवातीला). आणि बॅकग्राउंड स्वच्छ पण हात किंवा चेहराच पुसट असेल तर माणूस हललंय, तिथे १/२५० किंवा त्याच्याही वर. तीन आजार, तीन औषधं. मी पहिल्या आजारावर दुसऱ्याचं औषध आठ महिने घेत होते. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर तर तिन्ही दिसत नाहीत, तिथे सगळंच शार्प वाटतं, तिच्यावर विसंबू नका.

लेन्सवर शंका असेल तर एक स्केलपट्टी टेबलावर ठेवा, तिच्याकडे तिरकं बघत मधल्या आकड्यावर फोकस घ्या. दहा फोटो ट्रायपॉडवर, कॅमेरा न हलवता. मग दहा हातात धरून, लॉक करून कॅमेरा सरकवून परत त्याच आकड्यावर आणून. ट्रायपॉडवरच्या दहाही फोटोंत शार्प आकडा एकाच बाजूला सरकलेला दिसला तर लेन्स किंवा कॅलिब्रेशनचा (लेन्स-कॅमेऱ्याच्या फोकस जुळणीचा) प्रश्न असू शकतो, हे जास्त करून डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) होतं, मिररलेस म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा सेन्सरवरूनच फोकस घेतो म्हणून तिथे कमी. पण हातातल्या फोटोंत आकडा कधी पुढे कधी मागे जात असेल तर लेन्सला दोष देऊ नका. माझे ट्रायपॉडवरचे दहाच्या दहा फोटो बरोबर होते. त्या दिवशी मला रडू आलं, आणि नंतर खूप हलकंही वाटलं.

उपाय साधा आहे. आधी फ्रेम ठरवा, मग फोकस पॉइंट हलवून डोळ्यावर न्या. सिंगल पॉइंट, कॅमेऱ्यापासून जवळच्या डोळ्यावर. आय डिटेक्शन (कॅमेरा स्वतः डोळा ओळखतो ती सोय) असेल तर खुशाल वापरा, त्यात कमीपणा काही नाही. फोकस मोड कंटिन्युअस, म्हणजे सतत फोकस घेत राहणारा ठेवा, म्हणजे एएफ-सी किंवा कॅननमध्ये सर्वो, म्हणजे तुम्ही झुकलात तरी काच डोळ्याबरोबर सरकते. फक्त या मोडमध्ये जुन्या सवयीने कॅमेरा सरकवू नका, पॉइंट जिथे जाईल तिथे फोकस जाईल. जुन्या डीएसएलआरचे कडेचे पॉइंट कमी उजेडात चाचपडतात, तेव्हा मधलाच पॉइंट डोळ्यावर ठेवून फ्रेम जरा सैल घ्या आणि नंतर क्रॉप करा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची दोन्ही पाव-पाव कापली तरी साडेतेरा मेगापिक्सेल उरतात, भरपूर झाले. आणि एफ १.८ चा हट्ट सोडा. बॅकग्राउंड उडवण्यासाठी डोळा घालवणं मला आता पटतच नाही.

फीडबॅक मागतानाही मी चुकत होते. "कसा वाटला?" विचारलं की "मस्त" मिळतं, घरच्यांकडून तर हमखास. आता विचारते, "तुझी नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे?" आणि गप्प बसते, फोटोमागची गोष्ट सांगत नाही, कारण गोष्ट सांगितली की समोरचा गोष्टच बघायला लागतो. तीन जणांची नजर डोळ्याऐवजी मागच्या पांढऱ्या दारावर गेली तर वाद घालू नका, दार फ्रेमबाहेर काढा. फोटो मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अ‍ॅप तो दाबून टाकतं आणि शार्पनेसवरचं मतच खोटं मिळतं. सेटिंग्जही सोबत द्या, लपवू नका.

शिकवणाऱ्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. जो तुमचा फोटो घेऊन स्वतः एडिट करून "बघ आता कसा दिसतो" म्हणतो, त्याच्याकडून एडिटिंग शिका, फोटोग्राफी नाही. जो परत जाऊन काढायला लावतो त्याला धरून राहा. प्रीसेट (एडिटिंगच्या तयार सेटिंग्ज) आणि शार्पनिंगचे स्लायडर यांनी चुकलेला फोकस परत येत नाही, पापण्यांभोवती कडा तेवढ्या येतात.

आणि रूल ऑफ थर्ड्सला देव मानू नका. हे नाव १७९७ मध्ये चित्रकलेच्या चर्चेतून आलं, तेव्हा फोटोग्राफी नव्हतीच. मला त्या ग्रिडपेक्षा जास्त उपयोग झाला तो क्लिक करण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवण्याचा: डोक्यातून खांब उगवलाय का, मागची आडवी रेषा मानेतून जातेय का, बोटं अर्धी कापली गेलीत का. बहुतेक वेळा अर्धं पाऊल डावीकडे किंवा थोडं खाली बसलं की सुटतं. हे जमायला वेळ लागतो, लागू दे. सुरुवातीला कडा बघताना डोळ्यावरचं लक्ष जाईल, डोळा धरला की कडा सुटतील, सगळ्यांचं होतं, दोन-तीन महिन्यांत हात आणि नजर सोबत चालायला लागतात.

गेल्या आठवड्यात ताईला आजीचा नवीन फोटो दाखवला. तिने झूम केला, पापण्या बघितल्या, काही बोलली नाही. मग पूर्ण फ्रेमवर येऊन खालच्या कडेवर बोट ठेवलं, "मनगट कापलंयस." रविवारी परत काढणार आहे, या वेळी हात मांडीवर आणि फ्रेम थोडी सैल.