कोल्हापूरला येताय? मग या चुका टाळा

आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी पाहुणे असतातच, आणि गाडीतून उतरता उतरता पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यात झणझणीत कुठं मिळतं?" गणित इथंच चुकतं. कोल्हापूरचं जेवण चमचमीत असतं, मसालेदार असतं, पण नुसतं जाळ नसतं. कांदा-लसूण मसाला, सुकं खोबरं, तीळ यांची चव आधी लागते, तिखट मागून येतं. आधी तिखट लागलं तर समजा की आचाऱ्याने पाहुणा बघून पूड ओतलीय.

आणि कृपा करून 'व्हेज कोल्हापुरी' मागू नका. ती लालभडक भाजी देशभरच्या मेनूकार्डावर आमच्या नावानं खपते, पण इथल्या कुठल्याही घरात ती शिजत नाही. शाकाहारी असाल तर अख्खा मसूर, झुणका-भाकरी, ठेचा, भरली वांगी मागा.

मिसळ सकाळची. नऊच्या आत गेलात तर कट, म्हणजे मिसळीचा तिखट रस्सा, ताजा असतो आणि तर्री, म्हणजे लाल तेलाचा तवंग, वर तरंगत असते. दुपारी एकला जाऊन "पूर्वीसारखी राहिली नाही" म्हणण्यात अर्थ नाही. सोबत बहुतेक ठिकाणी स्लाइस ब्रेड येतो. मुंबईचे पाहुणे पाव शोधत बसतात. ब्रेडच घ्या, कट तोच नीट शोषून घेतो. तिखट झालंच तर पाण्याचा तांब्या तोंडाला लावू नका. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, उलट तोंडभर पसरतो. दही मागवा. पुढच्या वेळी आधीच सांगा, "कट वेगळा द्या". कमीपणा काही नाही त्यात, आम्हीही सांगतो.

आता मटणाच्या ताटातला तांबडा-पांढरा रस्सा. सगळ्यात मोठी चूक इथं होते, आणि ती मी स्वतः लग्नानंतर सासुरवाडीच्या पाहुण्यांना करू दिली होती. ताट आलं, सगळे सुक्क्या मटणावर तुटून पडले, आणि पांढऱ्याची वाटी तशीच बाजूला. दहा मिनिटांनी बघतात तर वर चरबीची साय. मग "हे काय पांढरं?" म्हणून सरकवलं. वाढपी बिचारा बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "पाव्हणं, ते आधी प्यायचं असतं. थांबा, गरम आणतो."

तर पांढरा रस्सा आधी, गरम, नुसता. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू आणि खडा मसाला असतो. त्यात लाल तिखट नसतं, म्हणून तो पोटाला तयार करतो. मग तांबडा, मग भाकरी आणि सुक्कं, शेवटी भातावर पुन्हा रस्सा. दोन्ही रस्से एकत्र कालवणारेही आहेत गावात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण पहिल्या वाटीला ते करू नका. रस्सा बहुतेक खानावळीत पोटभर मिळतो, तेव्हा पहिल्याच वाढीला चार भाकऱ्या सांगू नका. रविवारी दुपारी रांग लागते, साडेबाराच्या आत पोचा.

अंबाबाईच्या दर्शनाला गाडी थेट महाद्वारापर्यंत नेण्याचा हट्ट सोडा. बिंदू चौकात लावा, भवानी मंडपातून चालत या. मंगळवार-शुक्रवारी गर्दी जास्त. किरणोत्सवासाठी येणार असाल तर तारखा ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. येतात म्हणजे, आभाळ मोकळं असेल तर. ढग किंवा धुरळा असला की किरणं अर्ध्यातच संपतात, त्यामुळे एकाच संध्याकाळच्या भरवशावर तिकीट काढू नका.

पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे. त्याला जोडून जोतिबा करणार असाल तर रविवार टाळा. तो देवाचा वार, घाटात गाड्या अडकतात.

रात्री रंकाळा तलावावर चक्कर मारून गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी, धार काढली की ग्लास हातात, वर बोटभर फेस. पण आम्ही लहानपणापासून पितो म्हणून तुम्हाला पचेल असं नाही. कच्चं दूध आहे ते. गरोदर बायका, लहान मुलं, नाजूक पोटाची माणसं यांनी नुसतं बघावं.

राहिली कोल्हापुरी चप्पल. विक्रेत्यानं "अथणीची आहे" म्हटलं की लोक नकली समजून निघून जातात. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. अथणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे अस्सलच. बघायचं ते शिलाईकडे: चामड्याच्या वादीनं शिवलेली हवी, खिळे नकोत. मोठ्या मापाची घेऊ नका, चामडं सैल पडतंच. घेतल्या घेतल्या ती घालून पन्हाळा चढलात तर अंगठ्याला फोड ठरलेला. आधी आठवडाभर घरात घाला, चावते तिथं आतून तेलाचा हात फिरवा. पावसात भिजलीच तर उन्हात टाकू नका, कडक होते. सावलीत, पंख्याखाली वाळवा.