आरडी ३५०: दोन इंजिनांची गाडी, या चुका टाळा

गाडी चालू करून मागे उकिडवे बसा. दोन्ही सायलेन्सरच्या तोंडामागे, वीतभर अंतरावर, एकेक तळहात धरा. एका हाताला गरम, कोरडा, सलग फटका लागतोय आणि दुसऱ्याला ओलसर, थंड, मधूनच चुकणारा? मग गाडीत काम आहे. जुनी आरडी ३५० मोटरसायकल बघायला गेलो की टाकीचा रंग आणि क्रोमची झळाळी मी नंतर बघतो. आधी ही हातांची परीक्षा, तीही हातात चहाचा कप येण्याआधी. चहा झाला की भिडस्तपणा येतो.

यामाहाची आरडी ३५०, किंवा आपल्याकडे एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेली राजदूत ३५०, म्हणजे एका क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) बसलेली दोन इंजिनं. ३४७ सीसी ही नुसती बेरीज. ६४ मिमी बोअर (व्यास), ५४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), असे दोन सिलिंडर. एक पिस्टन वर तेव्हा दुसरा खाली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढून घ्यायचं आणि दाबून वर पाठवायचं काम पिस्टनखालची क्रँककेस करते, म्हणून तीही दोघांची वेगळी. कार्ब (कार्बुरेटर) दोन, ठिणगी पाडणारे पॉइंट दोन, कॉइल दोन, सायलेन्सर दोन. एका बाजूने मान टाकली तरी दुसरी बाजू गाडी ओढत राहते आणि मालक म्हणतो, "हल्ली पिकअप जरा कमी वाटतोय." खालच्या बहुतेक चुका इंजिनं दोन आहेत हे विसरण्यातून होतात.

धूर दिसला की ऑइल कमी करणे

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून पहिला मान तिला. माझ्या गाडीच्या उजव्या सायलेन्सरमधून पांढरट, दाट धूर यायला लागला. गॅरेजवाल्याने लांबूनच बघितलं आणि सांगितलं, "भाऊ, पंप जास्त टाकतोय, कमी करा." ऑइलचा पंप कमी केला. धूर तसाच राहिला आणि आठवड्याभरात डावा पिस्टन जॅम झाला. ब्लॉक काढला तेव्हा डाव्या पिस्टनच्या अंगावर उभे करडे ओरखडे, बोटाने चाचपले तरी लागतील असे. उजवा पिस्टन मात्र तेलात न्हालेला.

झालं असं होतं की उजवीकडचं क्रँकचं ऑइल सील (तेल-हवा अडवणारी रबरी कडी) गेलं होतं. त्या बाजूला क्लच आणि गिअर ऑइल असतं. सील गेलं की क्रँककेस दर फेरीला थोडं गिअर ऑइल ओढून घेते आणि ते जळतं. म्हणजे धूर उजवीकडचा, गिअर ऑइलचा. मी पंप कमी करून उपाशी मारला तो डावा. गिअर ऑइलची पातळी एकदा तपासली असती तर बोअरिंगचा खर्च वाचला असता.

डावीकडचं सील गेलं तर धूर येतच नाही, आणि तो प्रकार जास्त वाईट. त्या बाजूला वीज बनवणारं मॅग्नेट, तिथून नुसती हवा आत येते. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), थ्रॉटल सोडला तरी आरपीएम खाली यायला वेळ लावतो, गाडी गरम झाल्यावर आयडलिंग आपोआप चढतं. मालकाला वाटतं, वा, गाडी किती मोकळी पळतेय!

खात्री करायची तर दोन्ही इनटेक आणि दोन्ही एक्झॉस्ट बंद करून आत साधारण ६ पीएसआय हवा भरायची आणि ती टिकते का ते बघायचं. दोन्ही बाजू एकदमच बंद करायच्या, कारण क्रँकच्या मधलं सील लॅबिरिंथ पद्धतीचं आहे. ते अगदी हवाबंद नसतं. सायकलचा पंप, साबणाचं पाणी आणि रबरी बूच एवढ्यावर हे काम घरी होतं.

ऑटोल्यूब काढून टाकणे

यामाहाने १९६४ मध्ये ऑटोल्यूब, म्हणजे हा ऑइलचा पंप, आणला तो पेट्रोलमध्ये तेल कालवायची कटकट आणि अंदाजपंचे प्रमाण या दोन्हींतून सुटका व्हावी म्हणून. पंप इंजिनाच्या फेऱ्या आणि थ्रॉटल दोन्ही बघून तेल देतो. आपल्याकडे मात्र "पंपाचा भरवसा नाही" म्हणून तो बंद करून पेट्रोलमध्ये ऑइल टाकणारे खूप. करा, पण हिशेबाने. २५ ला १ म्हणजे ५ लिटरला २०० मिली. "दोन टोपणं" हे माप नव्हे. पंप ठेवलात तर ऑइलची टाकी एकदा रिकामी झाल्यावर नळीतली हवा काढल्याशिवाय गाडी हलवू नका. थ्रॉटल केबल बदलली की पंपाच्या चाकावरची खूणही जुळवून घ्या. केबल दोन कार्ब आणि एक पंप अशी तिघांना ओढते, आणि तिसऱ्याकडे कोणी बघत नाही.

टायमिंग कानाने लावणे

डावा आणि उजवा, दोन्ही पॉइंटचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) स्वतंत्र लावायचं असतं. जपानी आरडीचा आकडा पिस्टन वर पोचण्याआधी २.० मिमी, आणि तो प्लगच्या भोकात डायल गेज (बारीक अंतर दाखवणारं तबकडीचं माप) घालूनच मोजायचा. क्रम महत्त्वाचा: आधी पॉइंटचा गॅप (०.३ ते ०.४ मिमी), मग टायमिंग. गॅप बदलला की टायमिंग हलतं. एका सिलिंडरचं टायमिंग मुख्य प्लेट फिरवून लागतं, दुसऱ्याचं त्या प्लेटवरच्या छोट्या पट्टीने. मुख्य प्लेटचं आधी करा. उलट केलंत तर दुसरं लावता लावता पहिलं बिघडतं आणि संध्याकाळ तिथेच जाते. टायमिंग फार पुढे गेलं की इंजिन खडखडतं, पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं, आणि ते ज्या बाजूचं टायमिंग चुकलं त्याच बाजूला. पॉइंटची टाच झिजली की उलट होतं, ठिणगी उशिरा पडते. टाचेजवळच्या नमद्याला कणभर ग्रीस लावायला विसरू नका.

"फ्री" सायलेन्सर आणि उघडा फिल्टर

आरडीचा सायलेन्सर नुसता आवाज दाबत नाही. त्यातून परतणारी दाबाची लाट बाहेर निघू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. जाळी काढली की आवाज वाढतो, ताकद बहुतेकदा नाही. एअर फिल्टर काढला तर हवा वाढते, जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं भोक) मात्र तोच, म्हणजे मिश्रण पातळ. दुसरी गंमत म्हणजे इंटरनेटवरचे जेटचे आकडे. जपानी गाडी ३९ हॉर्सपॉवरची. आपल्या दोन आवृत्त्यांपैकी हाय टॉर्क ३०.५ आणि लो टॉर्क २७ ची, कारण मायलेजसाठी तिचा श्वास मुद्दाम आवळला होता. अमेरिकेतल्या मालकाचा जेट नंबर तुमच्या लो टॉर्कला कसा लागू व्हावा?

रीडच्या, म्हणजे मिश्रण एकाच दिशेला सोडणाऱ्या झडपेच्या, पात्यांचं थोडक्यात. आरडीच्या आधीच्या आर-५ वर रीड नव्हत्या, १९७३ मध्ये आरडीवर आल्या आणि कमी आरपीएमवर मिश्रण कार्बकडे परत फेकलं जाणं थांबलं. एका बाजूची पाती टोकाला तुटली की ती बाजू किक मारून लवकर उठत नाही, जास्त आरपीएमवर पळवली तर ठीक वाटते. मूळ पात्या स्टीलच्या. तुटलेला तुकडा शोधून हातात येईपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

शहरात काळा पडतो म्हणून गरम प्लग

मूळ प्लग एनजीकेचा बी८एचएस. सिग्नलला थांबून थांबून तो काळा होतो, म्हणून बी६ घालणारे भेटतात. या कंपनीत आकडा कमी म्हणजे प्लग जास्त गरम. तोच प्लग घेऊन हायवेवर तासभर गाडी ताणली की पिस्टनचं काय होतं ते पिस्टनलाच विचारा. प्लग काढले की डावा-उजवा लिहून ठेवा. दोन्ही एका रंगाचे नसतील तर रोग कुठल्या बाजूला आहे ते समजलं. दोन्ही कार्बचे स्लाइड एकाच क्षणी उचलतात का, हेही तेव्हाच बघून घ्या.

घाट उतरताना

डेटोनाची २०० मैलांची शर्यत १९७२ मध्ये याच घराण्यातल्या ३५० सीसीच्या गाडीवर डॉन एम्डेने जिंकली. टू-स्ट्रोकने ती जिंकण्याची पहिलीच वेळ. तिथे घाट नव्हता. आपल्याकडे वरंध्यासारखा घाट थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून दुसऱ्या गिअरवर उतरणारे असतात. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणाऱ्यांसाठी हे फार धोक्याचं. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल नाही, पेट्रोल नाही म्हणजे तेल नाही, आणि इंजिन मात्र गरगर फिरतंय. दर वळणानंतर थ्रॉटल एकदा फिरवून सोडा. टू-स्ट्रोकचं इंजिन ब्रेकिंग तसंही बेताचं, आणि भारतीय आरडीला पुढे डिस्क नाही, ड्रम आहे. तो तापला की लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी आपल्याच नादात जाते. म्हणून अर्ध्या उतारावर टपरी दिसली की थांबायचं. चाकाला हात लावायचा नाही, पण हबजवळ (चाकाच्या मधल्या भागाजवळ) नेऊन बघायचा.